सुरी हातात द्यायची नाही

नऊ वर्षांच्या पोरीच्या कमरेला पट्टा बांधून त्यात सुरी अडकवणारा बाप मी तरी कुठं पाहिला नव्हता. माझ्याच पोटचा निघाला. सांगायला जावं तर ऐकतो कुठं? अमेरिकेत, कॅरी गावातल्या त्याच्या घरात कांदा चिरायलासुद्धा यंत्र आणि रविवार उजाडला की बापलेक रानात जाऊन लाकडं तासतात.

"अरे गिरीश, कॉलेजात जाईपर्यंत तुला आंबा मी कापून दिला. आणि लेकीला सुरी?"

"म्हणूनच, आई," गाडी चालवता चालवता तो म्हणाला. "इथं आल्यावर कळलं, मला काहीच येत नाही. अहिल्यानं आणि मी मिळून सुरीकामाचा क्लास केला. आधी सेफ्टीच शिकवतात. तू बघ तर आज."

बघायलाच निघाले होते. घरी एकटीनं बसून वाईट-साईट विचार करण्यापेक्षा पोर डोळ्यांसमोर असलेली बरी.

माझं भय उगाचचं नव्हतं. आमचं घर बुरुडाचं. वडील बांबू फोडायचे, आई सुपं विणायची. सात वर्षांची असताना बांबूची कामटी सोलताना माझी सुरी सटकली आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची शीर तुटली. आईनं हळद भरून चिंधी बांधली. जखम भरली, बोट काही वाकलं नाही. आजही काडीसारखं ताठ आहे. भाकरी थापताना एकटं वर उभं राहतं. शाळा चौथीत सुटली, पण सुरी सुटायला चाळीस वर्षं गेली. गिरीशला मी पात्याला हात लावू दिला नाही तो या बोटाकडं बघून.

पाईनच्या झाडांखालची जमीन वाळक्या सुयांनी झाकलेली होती. पाय ठेवला की रुतायचा. माणूस नाही काणूस नाही, फोनला रेंज नाही, गाडी अर्धा कोस मागं. काही झालं तर हाक तरी कुणाला मारायची?

अहिल्यानं आधी हात लांब करून स्वतःभोवती एक फेरी घेतली.

"आजी, यू आर इन माय सर्कल. मागे सरक."

मला! पण सरकले. मग ती ओंडक्यावर बसली, काठी गुडघ्याच्या बाहेर धरली आणि पातं अंगापासून लांब ढकलत छिलके काढू लागली. छिलका तुटू द्यायचा नाही, काठीलाच चिकटलेला ठेवायचा, म्हणजे आग लवकर धरते. एकेक छिलका कुरळा होऊन उभा राहत होता. माझ्या वडिलांनी बघितलं असतं तर मान डोलवली असती. मी मात्र पदराचा पिळा करून मुठीत धरला होता. दर घावाला माझं मेलेलं बोट ठणकत होतं.

"झालं ना? ठेव आता."

"आजी, यू आर मेकिंग मी नर्व्हस."

गिरीश काटक्या वेचायला पलीकडे गेला. पोरीनं सुरी उलटी करून मूठ माझ्यापुढं धरली.

"तू पण करायचीस ना लहानपणी? घे. पकडलीस की थँक यू म्हण, मगच मी सोडणार."

"सुरी हातात द्यायची नाही गं. वैर येतं. खाली ठेव, मी उचलते."

"बट द रूल इज..."

"रूल मला शिकवू नकोस. ठेव खाली."

तिनं ठेवली. मी उचलली. दोनच घाव घातले, पण छिलका असा निघाला, कागदासारखा! पोर म्हणाली, "वॉव, आजी!" मी फुगले. तेवढ्यात गिरीश काटक्या घेऊन आला, आग पेटवायची घाई झाली, आणि मी आमच्या रीतीनं सुरी खाली ठेवली. तिनं उचलावी म्हणून. सुयांत ती कधी बुडाली, कळलंच नाही.

ठिणगी पडली. फुंकर घालायला अहिल्या गुडघ्यांवर वाकली आणि तिचा तळवा नेमका पात्यावर टेकला.

पोर किंचाळली नाही. दुसऱ्या हातानं तळवा आवळून दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि ओरडली, "बाबा, किट!" रक्त कोपरापर्यंत ओघळलं. मी नुसती उभी. मला हळद आठवत होती.

पट्टी बांधून, ठिणगी विझवून, सुरी म्यानात घालून गाडीपर्यंत आलो. तो अर्धा कोस मी कशी चालले, माझं मला माहीत.

"काम झालं की सुरी कुठं जाते, अहिल्या?" गाडीत गिरीशनं विचारलं.

"म्यानात."

"मग जमिनीवर कशी आली?"

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मग खिडकीबाहेर.

"आय फरगॉट."

मी दुसऱ्या खिडकीबाहेर पाहिलं. अख्ख्या गल्लीला ऐकवणारी बाई मी, आणि काच पुसत बसले. नात माझ्या हाती सोडायची नाही असं लेकानं ठरवलं तर? या परमुलखात माझं दुसरं होतंच काय?

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला एकेक बोट वाकवायला सांगितलं. अंगठा वाकला. पहिलं बोट वाकलं. मधलं थांबलं. मग ते थरथरलं आणि हळूहळू मिटलं.

पाच टाके पडले. पोर रडली नाही.

पार्किंगमध्ये गिरीशनं तिच्या कमरेचा पट्टा सोडला आणि सुरीसकट डिकीत फेकला. "संपलं. नो मोअर नाइफ. तुझंच बरोबर होतं, आई."

तेव्हा मात्र पोर रडली. आवाज न करता, बांधलेला हात छातीशी धरून.

तुझंच बरोबर होतं. लेकाच्या तोंडून हे ऐकायला जन्म गेला होता माझा.

"डिकी उघड, गिरीश," मी म्हणाले. "सुरी तिनं नाही, मी ठेवली खाली. ती नीट हातात देत होती, मीच घेतली नाही. माझ्यासाठी खोटं बोलली, तेवढं तिचं चुकलं. बाकी आज नियमानं वागली ती एकटी पोर. तू मला न विचारता निकाल दिलास आणि मी तोंड शिवून बसले. पट्टा तिचा तिला दे. आणि घरी गेलो की तिला सांग, सुरी माझ्या हातात दे, मूठ पुढं करून. थँक यू मी म्हणेन."