पांढऱ्या रुईचं बोंड

हे लिहिणारच नव्हतो. रुईच्या फुलात सुई घालत दोन माणसं तासभर बसली, हे कुणाला सांगायचं? पण माझा मित्र वीरेश फोनवर म्हणाला, "लिही की रे." म्हणून टाइप करायलोय.

माझं उदगीरला मोबाइल रिपेरिंगचं दुकान आहे. शेजारी महादेवाचं देऊळ. देवळाच्या भिंतीला पांढऱ्या रुईचं एकच झाड, अन् त्याखाली वीरेशची आई, गंगम्माकाकू, सोमवारी फुलांच्या माळा विकायची. झाड वीरेशच्या वडिलांनी, वीरभद्रकाकांनी लावलेलं. ते गेले तेव्हा वीरेश दुसरीत होता. भुंग्यांची घूं घूं ऐकत त्यानं तिथंच अभ्यास केला. आता हैदराबादला कामाला आहे.

उन्हाळ्यात कळलं, दिवाळीनंतर तिथून नाली जाणार, झाड निघणार. काकूनं दोन फांद्या कुंडीत लावल्या. दोन्ही कुजल्या.

"मग बी लावू," मी म्हटलं.

"कुठलं बी? सव्वीस वर्षांत ह्याला एक बोंड लागलं न्हाई."

बोंड का लागत नाही, हे मी मोबाइलवर शोधायला लागलो. मी दहावीनंतर शाळा सोडलेला. तरी भिंगातून फूल पाहिलं अन् वेडाच झालो. रुईचा पराग भुकटीसारखा उडत नाही. फुलाच्या मध्ये पाचकोनी खांब, त्याला पाच चिरा. प्रत्येक चिरेच्या वर काळा ठिपका, अन् त्याला टांगलेल्या दोन पिवळ्या पिशव्या. त्यात पराग. खांबाला चिकटून पाच जाड उंचवटे, त्यांच्या खालच्या वळणात मध. मधासाठी भुंगा बसतो, पाय चिरेत घसरतो, अन् उडताना पिशव्या पायाला अडकून जातात. दुसऱ्या फुलाच्या चिरेत त्यातली एक सरकली, तरच बोंड.

मी चिमट्यानं महिनाभर याच झाडाच्या पिशव्या याच झाडाच्या फुलांत घातल्या. सगळी फुलं गळाली. मग वाचलं, रुई आपलाच पराग धरत नाही. दुसरं झाड पाहिजे, अन् जवळपास रुईच उरली नव्हती.

विष्णुपुरीला माझी बहीण बुद्धप्रिया राहते. तिच्या गल्लीत पांढरी रुई निघाली. पण मला सुट्टी सोमवारची, अन् तो श्रावणातला; त्या दिवशी माळांपायी झाडावर एक फूल उरत नाही.

"काकू, उद्या एक गुच्छ झाडावर ठेवा."

"श्रावणी सोमवारी? तू देवाला एक फूल वाहत न्हाईस, अन् माझ्या देवाचं मागायलास?"



सोमवारी डब्यात ओल्या फडक्यावर फुलं घेऊन बसनं परतलो. शेजारच्यानं विचारलं, भाजी कशाची? रुईची म्हटल्यावर तो सरकून बसला. देवळापाशी आलो तर झाड ओरबाडलेलं, बोडकं. मग दिसलं, एका फांदीला मच्छरदाणीचा तुकडा बांधलाय, अन् आत अकरा फुलं.

"भुंग्याला बी उपास घातला," काकू म्हणाली. "महादेव समजून घेईल."

मी चिमटा घेऊन बसलो. दोन फुलं झाली तेव्हा तिनं मनगट धरलं.

"उलटी घालायलास. फुगीर कड आत जाऊ दे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"रोज ओवते न्हवं. ती चीर कशी हाय ते बोटाला कळतंय."

मग माळेच्याच सुईनं, पदरानं चीक पुसत, तिनं बाकीची नऊ केली. भिंग लावलंच नाही.

दहा फुलं गळाली. अकराव्याला बोंड धरलं. ते फुगलं तसं काकूनं वीरभद्रकाकांचा रुमाल त्याला बांधला, उकललं तर बी म्हातारीसारखं उडून जाईल म्हणून.

जेसीबी आला त्या सकाळी तिनं रुमालासकट बोंड तोडलं. उरलेल्या फुलांची एक माळ केली, देवाला घातली, अन् झाड पडेपर्यंत तिथंच उभी राहिली.

आता तिच्या अंगणात चहाच्या कपांत चौदा रोपं आहेत. प्रत्येकाला दोन-दोन जाड पानं.

काल फोनवर वीरेशनं विचारलं, "दुकानात लई शांत वाटायलंय रे? ती घूं घूं ऐकू येईना."

"वीरेश, पहिलं फूल येईल, भुंगा बसंल, तवा फोन त्याच्यापाशी धरीन. कितीबी वर्षं लागू दे. तू फक्त उचल."