आतड्याचं अस्तर

प्रयोगशाळेतून ताई घरी आली ती उड्या मारतच. हातपाय धुवायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "जमलं! आतड्याच्या पेशींचं अस्तर बशीत वाढवलं. अर्ध्या बश्यांत आधी चांगले जिवाणू सोडले, मग सगळ्यांत सूज आणणारं द्रव्य घातलं. नुसत्या पेशींचे सांधे उसवले. जिवाणूवाल्यांचे घट्ट!"

धाकटा भाऊ बस चालवायचा. सहा वर्षं त्याच्या मोठ्या आतड्याला सूज होती, रोजच्या गोळ्यांनी आटोक्यात. "म्हणजे माझं औषध घरातच!" तो म्हणाला. ताईने ते हसण्यावारी नेलं.

तीन आठवड्यांनी भावजयीचा फोन आला. "ताई, लवकर दवाखान्यात या. ह्यांना शौचातून रक्त जातंय, थांबत नाहीये."

तिथे तो पांढराफटक पडला होता. डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावताच कळवळला.

"गोळ्या चालू आहेत ना?"

"हो," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

ताईला शंका आली. तिने त्याची पिशवी उपडी केली. गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी, आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूलची रिकामी बाटली.

"कधीपासून रे?"

"तू सांगितलंस त्याच दिवसापासून."

ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "डॉक्टर, मी घरी अर्धंच सांगितलं. जिवाणू आधी दिले तेव्हा अस्तर टिकलं. दुसऱ्या प्रयोगात सूज आल्यावर दिले, त्या बश्यांत काहीच वाचलं नाही."

"ते नंतर बघू," डॉक्टरीणबाई सलाइनमधून सूज उतरवणारं औषध सोडत म्हणाल्या. "जिवाणू हातभार लावतात, पण ह्याचं अस्तर आधीच सोलवटलंय. तीन दिवसांत उतार पडला नाही, तर ऑपरेशन."

दोन दिवस रक्त गेलंच. भावजय ताईशी अवाक्षर बोलली नाही. पाण्याची बाटली मात्र न मागता पुढे सरकवायची.

तिसऱ्या दुपारी तो भिंत धरत संडासात गेला. दोघी दाराला कान लावून उभ्या.

"काय झालं?" भावजय. तिने दार ठोठावलं. "अहो, बोला की!"

"रक्त नाही," आतून आवाज आला. "आणि ओरडू नका, वॉर्डभर बोभाटा होईल."

भावजय ताईचा हात घट्ट धरून रडायला लागली.

संध्याकाळी तो उशीला टेकून बसला. "ताई, आता सगळं सांग. नाही जमलेलंसुद्धा."

ताईने स्टूल ओढलं आणि फसलेल्या बश्यांपासून सुरुवात केली.