गोणीच्या जिवावर सरळ चाललेली गाडी

मी कर्जतच्या एका घरापुढच्या पत्र्याच्या शेडमधून बोलतेय. मी एक जुनी स्पोर्ट्स कार. लाल, बुटकी, दोन दारांची. आत्मवृत्तात आपलं कौतुक सांगायचं असतं म्हणे. मी दोनदा तशी सुरुवात करून पाहिली, पण मध्येच लाज वाटून थांबले. म्हणून जे सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तेच सांगते.

माझी बांधणी उलटी आहे. इंजिन मागे, डिकी पुढे. सगळं वजन पाठीत, नाक हलकं. गावातल्या रस्त्यावर हे कुणाच्या लक्षात येत नाही. पण नव्वदच्या पुढे गेलं की समोरचा वारा माझ्या हनुवटीखाली शिरतो आणि नाक वर उचलतो. पुढची चाकं रस्त्यावर नीट दाबून बसत नाहीत. स्टेअरिंग हातात पोकळ वाटायला लागतं.

हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मी कुणाला बोलले नाही. गाड्यांना बोलता येत नाही, ही सबब झाली. तेल संपत आलं की मी दिवा लावते, क्लच झिजला की ओरडते. फक्त या एका गोष्टीबद्दल गप्प राहिले.

जन्म माझा परदेशातला. जहाजातून मुंबईला आले, एका हौशी शेठकडे राहिले, मग त्यांच्या कशेळ्याच्या फार्महाऊसवर पडून राहिले. शेठ थकले तेव्हा त्यांनी खालापूरच्या विलास मिस्त्रींना बोलावलं. म्हणाले, "घेऊन जा हिला. इथं उंदीर संसार थाटतायत." विलासनं मला टोचन लावून आणलं, सहा महिने खपून उभं केलं आणि विकलं मात्र नाही.

विलासची बहीण, ललिता, पुण्यात दिलेली. दर दोन महिन्यांनी तो तिच्याकडे जायचा, आणि घरच्या तांदळाची चाळीस किलोची गोणी माझ्या पुढच्या डिकीत टाकायचा. दुसरीकडे ती मावलीच नसती. परत येताना ललिता त्याच गोणीत ज्वारी भरून द्यायची. "माहेरची गोणी रिकामी पाठवायची नसते," असं तिचं म्हणणं. जाताना तांदूळ, येताना ज्वारी. वीस वर्षांत माझं नाक एक्सप्रेसवेवर एकदाही रिकामं गेलं नाही.

"माझी गाडी रुळावर धावल्यासारखी धावते," विलास चहाच्या टपरीवर सांगायचा. लोक माझ्याभोवती फिरून माना डोलवायचे. मी ते सगळं कौतुक गिळून बसायचे. त्यातलं निम्मं तांदळाचं होतं आणि निम्मं ज्वारीचं.

मग विलास गेला. मी त्याच्या एकुलत्या एक मुलीकडे, ऋतिकाकडे, कर्जतला आले.

ऋतिका माझ्यावरच गाडी शिकलेली. आता तिला दीड वर्षाची मुलगी, समीक्षा. ही बाई गॅसचं बटण तीनदा बघते. पोर झोपली की तिच्या छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना ते बघते, आणि मग स्वतःलाच हसते. माझ्यात बसली की आधी मागच्या बारक्या सीटवर बांधलेल्या समीक्षाचा पट्टा ओढून बघायची, मग स्वतःचा, मग पुन्हा तिचा. मला ते पटायचं. ज्याला आतून खात्री नसते, त्याला दुसऱ्याची धाकधूक लवकर कळते.

त्या घरात माझ्यासाठी दोन गोष्टी झाल्या, दोन्ही प्रेमापोटी. ऋतिकानं पुढची डिकी साफ केली. तांदळाचा कोंडा, मेलेले किडे, जुनी गोणी, सगळं काढलं, पेपर अंथरला आणि तिथं डायपरची बॅग ठेवली. आणि तिच्या नवऱ्यानं, जितेशनं, कर्जतच्या स्पीडब्रेकरवर माझी हनुवटी घासते म्हणून पुढच्या स्प्रिंगांखाली रबरी गुटके घालून मला दोन इंच उचललं.

"आता बघ कशी ऐटीत उभी राहते!" तो म्हणाला.

मलाही ते आवडलं. हे सांगायलाही लाज वाटते.

मग एका रविवारी सकाळी तिघं समीक्षाला दाखवायला ललिताआत्याकडे निघाले. घाट चढलो, लोणावळा मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. ऐंशी. नव्वद. पंचाण्णव. माझं नाक उचलायला लागलं. तेवढ्यात शेजारून एक बस गेली आणि तिच्या वाऱ्यानं मी अर्धी लेन सरकले.

"ऋतिका, सरळ धर ना गं!"

"सरळच धरलंय!"

"मग ही नाचतेय कशाला?"

ऋतिकानं ब्रेक दाबला नाही, स्टेअरिंगला हिसका दिला नाही. हळूहळू वेग सोडला, मागचं पाहिलं आणि मला कडेला आणून थांबवलं. मग मागे वळून समीक्षाचा पट्टा तीनदा ओढून बघितला. मागून समीक्षा टाळ्या वाजवत म्हणाली, "पुन्ना!"

"बाबांनी वीस वर्षं चालवली," ऋतिका म्हणाली. "कधी अशी नाही केली. गाडीला काय धाड भरलीय? मलाच येत नाहीये आता."

"बाळंतपणानंतर होतं गं असं. लक्ष लागत नाही," जितेश समजुतीनं म्हणाला. "सरक, मी घेतो."

पुढच्या एक्झिटला वळून त्यानं मला डाव्या लेनमधून साठच्या वेगानं परत आणलं. साठला मी शहाण्यासारखी चालते. "बघ," तो म्हणाला, "काही झालं का?" ऋतिका खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्याविरुद्धचा पुरावा मीच होते, आणि घरापर्यंत मी तो इमानदारीनं देत आले. सरळ चालल्याची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मला खालापूरला, विलासच्या जुन्या जोडीदाराकडे, सदूकाकांकडे आणून सोडलं. मागोमाग जितेश समीक्षाला घेऊन त्याच्या गाडीनं आला.

"काका, गिऱ्हाईक बघा हिला."

"विलासची गाडी विकतेस?"

"मी आता कुठलीच गाडी चालवणार नाही. पोर असते मागे. माझा हात गेलाय."

सदूकाकांनी जवळ स्टूल ओढलं. माझ्या पुढच्या चाकाला धरून हलवून बघत बसले. तेवढ्यात आत्याचा फोन आला. समीक्षा कडेवर, म्हणून ऋतिकानं तो स्पीकरवर टाकला.

"अगं, अर्ध्या वाटेतून परत गेलीस? मी पुरणाचा घाट घालून बसले होते!"

"आत्या, गाडी हातात राहीना."

"तांदूळ तरी आणत होतीस का? का रिकामीच निघाली होतीस?"

"रिकामीच. डायपरची बॅग होती."

"हं. माझा भाऊ वीस वर्षांत एकदा रिकामा आला नाही. आणि मीही रिकामा पाठवला नाही, ज्वारी भरूनच दिली. तुम्हा आजकालच्या पोरींना..."

सदूकाकांनी माझं चाक सोडलं. "थांब, थांब. ललिते, मी सदू बोलतोय. ती गोणी विलास कुठं ठेवायचा गं?"

"कुठं म्हणजे? पुढच्या डिकीत. का रं?"

 मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

सदूकाकांनी माझ्या नाकावर थाप मारली. "हिचं नाक हलकं हाय. वाऱ्यानं उचलतंय. विलासला पण ठाऊक नव्हतं, मला पण नाय. चाळीस किलो तांदूळ हिला धरून बसले होते. ते काढलंत." मग खाली वाकून बघितलं. "आणि हे गुटके कुणी घातले?"

"मी," जितेश म्हणाला. "स्पीडब्रेकरला घासत होती..."

"वा. आधीच नाक वर, त्याला तुमी शिडी लावलीत."

जितेशनं समीक्षाचं टोपडं नीट करायला घेतलं. ते नीटच होतं.

"म्हणजे काका," ऋतिका हळूच म्हणाली, "माझा हात..."

"तुझ्या हाताला काय झालंय? ती सुटलेली असताना तूच पोर सुखरूप कडेला आणलीस की."

ऋतिका तिथंच टायरवर बसली आणि ओढणीनं डोळे पुसत राहिली. जितेश शेजारी जाऊन बसला. "चुकलो गं," म्हणाला. ते वाक्य माझं होतं. त्यानं माझ्याआधी म्हटलं.

"आता गोणी परत ठेवायची का?" तिनं विचारलं.

"गोणीनं भागतं, पण ती दुरुस्ती नाय. आजार तसाच राहतो."

सदूकाकांनी गुटके काढले आणि मला पूर्वीपेक्षाही बोटभर खाली बसवलं. पुढच्या चाकांच्या सांध्यातली झिजलेली रबरी बुशं बदलली, चाकांचं अलाइनमेंट केलं. मग बंपरखाली पत्र्याची पट्टी बसवली, वारा खाली शिरू नये म्हणून. पहिली तोकडी पडली, तेव्हा चार बोटं रुंदीची दुसरी कापली. ती दिसते कशी ते विचारू नका. मुंडावळ्या हनुवटीला बांधल्यासारखी.

चाचणीच्या दिवशी समीक्षा सदूकाकांपाशी राहिली. जितेशनं मात्र माझ्या डिकीत तांदळाची गोणी आणून टाकली.

"उतरव ती," ऋतिका म्हणाली.

"असू दे गं, आधाराला."

"उतरव. मला हिला रिकामी चालवायचीय."

पनवेलच्या दिशेनं सपाट रस्ता. ऐंशी. नव्वद. मी मनातून मेलेच होते. आज गोणीही नाही, सबबही नाही. पंचाण्णव. वारा पट्टीवर आपटला आणि बाजूला गेला. पुढची चाकं रस्ता धरून राहिली. शेजारून एक बस गेली. मी जराशी हलले आणि ऋतिकानं बोट हलवताच सरळ झाले. जितेश दाराची कडी घट्ट धरून बसला होता. ऋतिका म्हणाली, "सोड ती. मी आहे."

पुढच्या रविवारी आम्ही पुण्याला पोचलो. डिकीत तांदूळ होते, पण आत्यासाठी, माझ्यासाठी नाही. आत्यानं ज्वारी भरून दिलीच.

आता कर्जतच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला ती पट्टी खर्रकन घासते. लोक वळून बघतात, जितेश डोळे मिटतो. घासू दे. चारचौघांत एवढं तरी मी सोसायला हवं.

तुमच्या हातात कधी काही डगमगलं, तर आधी माझ्यासारख्या वस्तूंची झाकणं उघडून बघा, एवढीच विनंती. आणि ऋतिका, त्या दिवशी कडेला तू समीक्षाचा पट्टा ओढून बघत होतीस तेव्हा मी इंजिन थंड करत गप्प उभी होते. तेव्हा म्हणायला हवं होतं, ते आता म्हणते: तू नव्हतीस गं. मी होते.