निळ्या फुलीचा मलई केक

मी मलई केक बोलतोय. हो, तोच तो लांबोडका, चकचकीत कागदातला. कागदावर एक बाई डोळे मिटून माझा घास घेताना छापलीय. तिनं मला आयुष्यात कधी खाल्लं नाही. शहाणी आहे.

माझा जन्म लातूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात झाला. खंडेनवमीला तिथं सगळ्या यंत्रांची पूजा झाली. मलई भरायचं यंत्र तर बाहेरून असं घासलं की त्यात तोंड बघून भांग पाडावा. हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ, कशात म्हणून कसर नाही. आतल्या नळीत जुनी मलई तशीच राहिली, पण नळीच्या आत कुंकू लावता येत नाही, मग तिकडं कोण बघतो! पूजेला बसलेलं यंत्र दसरा होईपर्यंत हलवायचं नाही, त्याच्यावर पाणी घालायचं नाही. त्यात वरून तापलेले पत्रे. सण झाल्यावर कुणीतरी विचारलं, "नळी खोलून धुवायची का?" मालक म्हणाले, "पुजलेल्या मशिनीला काय व्हतंय? कुंकू पुसंल, ऱ्हाऊ द्या."

कुंकू राहिलं. त्याच्या आडोशानं जंतूही राहिले आणि मलईबरोबर माझ्या पोटात आले. साल्मोनेला म्हणतात त्यांना. नाव ऐकून परदेशी पाव्हणे वाटतात, पण सगळे आपल्याच नळीत वाढलेले.

तिथून मी अहमदपूरला आलो, बसस्टँडसमोर माणिकप्पाच्या दुकानात. फळीवर जरा स्थिरस्थावर होतोय तोवर त्याच्या मोबाईलवर कंपनीचा निरोप आला. या बॅचचा मलई केक विकू नका, तपासणीत जंतू सापडलेत, माल वापस करा. माणिकप्पा पापभीरू माणूस. त्यानं आम्हाला लगेच खाली उतरवलं, एकेकावर निळ्या पेनानं फुली मारली आणि पोत्यात भरलं. वापसीची गाडी उद्या येणार होती. आमच्याकडचा उद्या जरा निवांत येतो.

तोवर पोतं त्याच्या पायाशीच. तो वाकून वाकून आमच्याकडं बघायचा. "तारीख तर पुढच्या महिन्याची हाय," असं पुटपुटायचा. माणसांचा छापलेल्या तारखेवर फार विश्वास. जंतूंना वाचता येत नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

विकायचं नाही, असा निरोप होता. वाटायचं नाही, असं कुठं कुणी म्हटलं होतं? उरलेली सुपारी पुडीत बांधून ठेवणारा हा माणूस अचानक दानशूर झाला. पोत्याचं तोंड उघडायचा आणि म्हणायचा, "न्या, घरी लेकराबाळांना व्हईल." लोकही म्हणायचे, माणिकप्पा लई बदलला बरं का. त्याची मान ताठ व्हायची. तो स्वतः मात्र मला तोंड लावायचा नाही. त्याला म्हणे गोड सोसत नाही.

एके दिवशी त्याची थोरली बहीण केवळाबाई पिशवी घेऊन दुकानात आली. त्याच घरात राहते ती. माणिकप्पाच्या लेकीचे, शिल्पाचे, सासरे गुरुपादप्पा यांचं नांदेडात पोटाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना भेटायला ती निघाली होती.

"दवाखान्यात रित्या हातानं कसं जावं?" ती म्हणाली.

"ह्यो घे, आक्का. घरचाच हाय." आणि माझी निवड झाली.

"आन् ही फुली कशाची?"

"काय न्हाई, हिशोबाची खूण हाय."

दवाखान्यातला तो वॉर्ड तुम्ही बघायला हवा होता. पेशंट एक, भेटायला आलेले दहा, आणि सगळे त्याच्याच पलंगावर बसलेले. याच ऑपरेशनात कोण कोण दगावलं ते त्याला आस्थेनं सांगत होते. उशाशी पाव, बिस्किटं आणि टोस्टचे पुडे छताकडं निघालेले. त्या ढिगावर मी जाऊन बसलो. पण गुरुपादप्पांना शुगर. डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. एरवी ज्या साखरेला सगळं घर शिव्या देतं, तिनं त्या दिवशी माणूस वाचवला. डॉक्टर, औषधं, नवस, सगळ्यांनी श्रेय घेतलं. साखरेचं नाव कुणी काढलं नाही.

गुरुपादप्पा घरी आले, ढीगही घरी आला. त्यांची बायको सिद्धम्मा. तिनं मला फडताळात ठेवलं. पुढं शिल्पाला सातवा लागला आणि ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघाली. सिद्धम्मा म्हणाली, "रित्या हातानं जाऊ नको गं, माहेरचे काय म्हणतील." आणि मला सुनेच्या पिशवीत टाकलं. मला सगळे प्रेमानं देत होते आणि उघडत कुणीच नव्हतं. एसटीनं लोह्यावरून मी परत अहमदपुरात आलो.

शिल्पाला भूक लागली होती. केवळाबाईनं माझा कागद फाडला, फुली बघितली आणि हसली. "अगं, ह्यो तर मीच नेलता. फिरून घरलाच आला की." मला कापलं आणि मोठी फोड ताटलीत घालून शिल्पाच्या हातात दिली. खरं सांगतो, मला घाम फुटला. पोटात जंतू असले तरी केकालाही काळीज असतं. दोन जिवांची पोर होती ती. ओरडावं म्हटलं तर मला तोंड नाही, मलाच खाणारं तोंड समोर.

इतक्यात लेक आली म्हणून माणिकप्पा दुकान सोडून घरी आला. त्यानं कागदावरची फुली पाहिली आणि एका उडीत फोड हिसकावून घेतली. ताटली भिंतीवर आदळली.

"अप्पा, काय झालं?"

"खाऊ नको माय. जंतू हायत त्यात. कंपनीनं वापस मागवलाय. पोटातल्या लेकराला लई वाईट."

केवळाबाईनं सुरी खाली ठेवली. "मंग मी इवायाला घेऊन गेले, तवा न्हवते व्हय जंतू?"

"मोठ्या माणसाला काय व्हत न्हाई म्हणलं, आक्का."

"त्यांचं पोट फाडलं होतं, अप्पा," शिल्पा म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

केवळाबाई काही माणिकप्पाला सोडेना. "आजून कुणाकुणाला दिलास?"

तो बोटांवर मोजत आठवू लागला. करंगळीवर थांबला. काल सकाळीच अंगणवाडीच्या इंदूबाईंना त्यानं चार केक दिले होते. लेकरांना वाटा, म्हणाला होता. इंदूबाईंनी हात जोडले होते. चप्पल न घालताच तो गाडीवर बसला.

आता मी परसात खड्ड्यात पडलोय. केवळाबाईनं तो स्वतः खणला. कुत्र्यालाही घालायचा नाही, म्हणाली. अर्धी माती पडली होती, तेवढ्यात माणिकप्पा परतला. त्यानं तीन बंद केक माझ्याशेजारी टाकले. चौथ्याचा नुसता कागद होता.

"लेकरं?" केवळाबाईनं विचारलं.

"उलट्या व्हायल्यात. इंदूबाई दवाखान्यात घेऊन गेल्या." तो उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मंडळी, माझं आयुष्य संपलं. जाता जाता एवढंच मागतो. निळ्या फुलीचं माझं एखादं भावंड कुणी फार प्रेमानं तुमच्या हातात ठेवलं, तर पहिला घास देणाऱ्याला भरवा. तो नक्की म्हणेल, मला गोड सोसत नाही.

वरून केवळाबाईचा आवाज येतोय. "ऊठ. दवाखान्यात जायचंय. डॉक्टरला खरं खरं सांग, कशानं झालं ते."

माणिकप्पा उठला आणि सवयीनं पिशवी शोधू लागला. केवळाबाईनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"आज रित्या हातानं चल," ती म्हणाली.