भोपळ्याला गारवा

धाकटीने पातेल्यावरचं ओलं फडकं उचललं आणि चमचा आत घातला, तर चमचा उभा राहीना. तासाभरापूर्वी तिने ठेवलेलं मिश्रण लाडवासारखं वळता येईल इतकं घट्ट होतं. आता भोपळ्याचा कीस नारिंगी पाण्यात पोहत होता. अंडी, चीज, चिरलेला शेपू, सगळं त्या पाण्यात एकमेकांना शोधत फिरत होतं.

तिने हातातल्या फडक्याकडे पुन्हा पाहिलं. उचललं तेव्हा त्याची चारही टोकं पातेल्याच्या काठाखाली नीट दुमडलेली होती. पाहुण्याच्या अंगावर पांघरूण घालावं तशी फडक्याची टोकं दुमडणारा या घरात एकच माणूस होता.

जाताना ती सगळ्यांना बजावून गेली होती, “पातेल्याला कोणी हात लावायचा नाही.” सगळ्यांना म्हणजे आई आणि बाबा. थाईमची सुवासिक पानं कमी पडली म्हणून कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गेली, तिथे भाजीवालीच्या गुडघेदुखीची कहाणी ऐकावी लागली, आणि परत येते तो ओट्याच्या गार फरशीवर ठेवलेलं पातेलं भट्टीवरच्या उबदार फळीवर जाऊन बसलेलं. बाबांचा आयुष्यभराचा सिद्धान्त होता की जे जे मळलं, कालवलं, त्याला विश्रांती दिल्याशिवाय आगीपुढे न्यायचं नाही. पिठासाठी तो सोळा आणे खरा होता. पण किसलेल्या, मीठ लावलेल्या भोपळ्याला ओलं फडकं आणि ऊब देणं म्हणजे त्याला रडायला खांदा देणं.

ती पातेलं घेऊन थेट पुढे दुकानात गेली. आई गल्ल्यापाशी बसून सकाळच्या पावांचा चुरा ब्रशने गोळा करत होती.

“बाबा कुठे आहेत?”

“झोपलेत. का गं?”

धाकटीने पातेलं तिच्या नाकाखाली धरलं. आईने आत पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं, आणि हसू आवरण्यासाठी पदर तोंडाशी नेला. त्याला तिथे पोचायला जरा उशीर झाला.

“हसू नकोस! मोठ्या सिस्टरांच्या निरोपाला सहा वाजता भोपळ्याचे घास पोचवायचेत. दवाखान्यातली सगळी माणसं असतील. डॉक्टरीणबाई असतील.”

“उठवू का त्यांना?”

“नको. उठले तर मदत करतील.”

यावर मात्र आईला पदराचाही उपयोग झाला नाही.

धाकटीला हसू येण्यासारखी परिस्थिती नव्हती. गेलं वर्षभर ती या बेकरीत भाज्यांचे भाजके पदार्थ करून बघत होती आणि गेलं वर्षभर बाबा एकच वाक्य ऐकवत होते: भाजी भाजणं म्हणजे बेकरी नव्हे. पुढच्या काचेच्या कपाटात त्यांच्या पावाशेजारी तिला एक ट्रे हवा होता. फक्त एक. त्यावर ते म्हणाले होते, आधी बाहेरची एक ऑर्डर स्वतःच्या हिमतीवर पार पाड, मग बोलू. बाबांचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. हो असो की नाही. आज जर दवाखान्याच्या हॉलमध्ये तिचे भोपळ्याचे घास पिचपिचीत निघाले, तर त्या कपाटाचा विषय कायमचा संपणार होता, आणि तोही ज्यांनी तिच्या मेहनतीवर पाणी फिरवलं त्यांच्याच तोंडून.

“तुम्हा दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य,” आई म्हणाली, “आणि दोघांना एकाच भट्टीत काम करायचंय. आण इकडे. पिळून काढू.”

“पिळता येणार नाही. अंडी पडलीत त्यात. पाण्याबरोबर सगळंच जाईल.”

ती पातेलं घेऊन मागे आली आणि ओट्यासमोर नुसती उभी राहिली. रडू येत होतं, पण रडण्याने पाण्यात भरच पडली असती. मैदा घालून घट्ट करावं तर घास चिकट, गोळा खाल्ल्यासारखा लागतो. हे तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. नवीन घाट घालायला वेळ नव्हता. ओट्याखाली उरलेला अर्धा भोपळा होता. त्याच्या कापल्या बाजूवर पाण्याचे बारीक थेंब जमले होते. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग एकदम सुरी उचलली.

पाणी सोडतो तोच आहे, तर त्याचं पाणी आधी आगीला देऊ, असं तिच्या मनात आलं. तिने उरलेल्या भोपळ्याच्या फोडी केल्या, ट्रेवर एकमेकींना शिवणार नाहीत अशा मांडल्या आणि भट्टीच्या अगदी आत, जिथे आच सगळ्यात तिखट असते तिथे सरकवल्या. कालचे पाव जाड कापून त्यांच्याशेजारी ठेवले. आई न सांगता आत आली आणि थाईमच्या काड्यांवरून पानं ओरबाडायला बसली.

फोडींच्या कडा काळपट झाल्या, त्यांचा आकार निम्मा झाला, आणि चिमटीत धरलेली फोड कोरड्या रताळ्यासारखी मोडली तेव्हा धाकटीने ट्रे ओढला. फोडी ठेचून तिने पातळ मिश्रणात घातल्या. पाव खडखडीत भाजून त्यांचा चुरा मुठीमुठीने वरून सोडला आणि दर मुठीनंतर थांबून चमचा उभा करून पाहिला. चमचा पडला. पुन्हा पडला. मग रेंगाळत कलला. मग उभा राहिला.

“राहिला!” आईच ओरडली.

“हळू. बाबा उठतील.”

छोट्या कपांच्या साच्यांना लोणी लावून तिने एक चाचणीपुरता घास भाजला. गरम गरमच आईच्या हातावर ठेवला. आईने फुंकर मारली, अर्धा तोडला, चावला आणि भिंतीकडे बघत राहिली. धाकटीचा जीव टांगणीला लागला.

“काय झालं? कच्चा आहे?”

“गप गं. खाऊ दे.” आईने उरलेला अर्धाही तोंडात टाकला. “तू मागच्या आठवड्यात केले होतेस ना, ते चांगले होते.”

“आणि हे?”

“हे वेगळे आहेत. त्यात भोपळा नुसता गोड होता. यात त्याने काहीतरी भोगलंय.”

धाकटीने साच्याच्या तळाला चिकटून उरलेला तुकडा खाऊन पाहिला. आई खरं बोलत होती. किसाचा ओलावा होता, भाजक्या फोडींचा धुरकट गोडवा होता, आणि पावाच्या चुऱ्याने कडेला अशी कुरकुरीत साल धरली होती की दातांना आधी ती लागत होती आणि मग थाईमचा वास नाकात चढत होता. असं काही तिने ठरवून केलं असतं तर तिला स्वतःलाही जमलं नसतं. तिने पाठ ताठ केली आणि साचे भरायला घेतले. दोन्ही हात कामात होते आणि मन कुठल्या कुठे उंच गेलं होतं.

शेवटचे ट्रे ती डब्यांत भरत होती तेव्हा बाबा डोळे चोळत जिन्यावरून उतरले. त्यांनी हवेत वास घेतला. एकदा, मग पुन्हा.

“झाले? मिश्रण कसं काय—”

“उशीर होतोय,” धाकटी म्हणाली आणि डबे उचलून त्यांच्याकडे न बघता बाहेर पडली. दार तिने जरुरीपेक्षा थोडं जोरात लावलं. सगळं निस्तरलं होतं तरी राग जागच्या जागी होता. आत्ता तोंड उघडलं असतं तर जे बाहेर पडलं असतं ते कुठल्याच चुऱ्याने घट्ट झालं नसतं.

दवाखान्याचा हॉल रंगीत कागदांनी सजवला होता. मोठ्या सिस्टर निवृत्त होत होत्या. निम्म्या गावाला त्यांनी या जगात आणलं होतं आणि उरलेल्या निम्म्याला इंजेक्शनं दिली होती. त्यांच्यासमोर डॉक्टरही पोट आत ओढून उभे राहात. धाकटीने पहिला ट्रे त्यांच्यापुढे धरला.

“काय आहे हे?”

“भोपळ्याचे घास आहेत, सिस्टर. भाजलेले.”

“भोपळा मला आवडत नाही,” सिस्टर म्हणाल्या आणि सभ्यपणा म्हणून एक उचलला. धाकटीला तिथून हलता येईना. सिस्टरांनी चावलं. भुवया आधी जवळ आल्या, मग वर गेल्या. त्यांनी दुसरा उचलला, आणि मग ट्रेच तिच्या हातातून काढून घेऊन स्वतःच्या खुर्चीशेजारी ठेवला.

“कोणी केले?”

“मी,” धाकटी म्हणाली. बेकरीचं नाव घ्यायचं तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. “मी एकटीने.”

“तू जन्मलीस तेव्हा किती किंचाळली होतीस ते आठवतंय मला. वाटलं होतं, ही काहीतरी करणार नाहीतर सगळ्यांचं डोकं खाणार.” सिस्टरांनी तिसऱ्याकडे हात नेला. “बाकीच्यांना दुसऱ्या ट्रेमधून दे.”

बाकीच्यांनी दुसरा ट्रे संपवला, तिसराही संपवला. एक जाडजूड कंपाउंडर डब्याच्या तळाचे तुकडे कागदावर गोळा करताना सापडला. निघताना डॉक्टरीणबाईंनी तिला दाराशी गाठलं आणि दर महिन्याच्या बैठकीला हेच पाठवशील का असं विचारलं. “पाठवेन की,” धाकटी म्हणाली, जणू असं तिला रोजच कोणी ना कोणी विचारतं. मग कोपऱ्यावर वळल्यावर, कोणी बघत नाही असं पाहून, रिकामे डबे एकमेकांवर आपटून तिने जोरात टाळी दिल्यासारखा आवाज केला.

रस्त्यावर गळलेली पानं वाऱ्याबरोबर तिच्या पायांत येत होती. हवेत गारठा उतरला होता. चालता चालता ती बाबांना काय सुनवायचं ते जुळवत होती. तुम्ही विचारलं का नाही? माझं काम म्हणजे तुमचं पीठ आहे का? वाक्यं एकापेक्षा एक धारदार निघत होती. बेकरीशी पोचेपर्यंत तिच्याजवळ चांगली तयारी झाली होती.

दुकानात आई आणि शेजारचा शिंपी उभे होते. शिंपी गेली कित्येक वर्षं संध्याकाळचा पहिला पाव नेत असे. त्याच्या हातात पाव होता, पण तो त्याला उलटासुलटा करून बघत होता. कपाटातले सगळेच पाव तसे होते, बसके, कडांनी फाटलेले, उशीवर कोणी बसून उठल्यासारखे. धाकटी दारातच थांबली. बाबांच्या हातचा बसका पाव तिने जन्मात पाहिला नव्हता.

“हे काय झालं?” तिने आईला हळूच विचारलं.

“फुगलं नाही पीठ. मागच्या कोठीच्या खिडकीत होतं ना दुपारभर, वाऱ्यावर.”

“खिडकीत? खिडकीत कोणी ठेवलं?”

“त्यांनीच. दुसरं कोण ठेवणार?” आई गल्ल्यावर रेलून आणखी खालच्या आवाजात म्हणाली, “उबेची फळी एकच आहे, बाई. तिथे तुझं पातेलं होतं. मला आत्ता कळलं. अगं, मी बाळंतीण होते तेव्हा माझं शेकाचं फडकं गरम करायलासुद्धा ती फळी दिली नव्हती या माणसाने. आज स्वतःचं पीठ उचलून खिडकीत नेलं.”

धाकटीने जुळवून आणलेली वाक्यं एकेक करून मनातच मोडून टाकली.

आतून बाबा पिठाचे हात पुसत आले. शिंप्याने पाव पुढे केला.

“आज काय हो हे? हा पाव की वीट?”

“आज असाच न्या,” बाबा शांतपणे म्हणाले. “आज घरात मोठी ऑर्डर होती.” मग धाकटीकडे वळले. नाकावर माशी बसू न देणारा हा माणूस, पण आवाज जरा चाचपडतच बाहेर आला. “किती परत आणलेस?”

“एकही नाही.”

त्यांनी मान हलवली. ती पुन्हा हलवली. “तरी मी म्हणत होतो. छान विसावलं होतं ना मिश्रण?”

आईने एकाएकी चुऱ्याचा ब्रश शोधायला घेतला. धाकटीने कपाटातल्या बसक्या पावांकडे पाहिलं.

“हो बाबा. छान विसावलं होतं.”

“मग झालं तर. यापुढे तुझं पातेलं तिथेच.”

“नको,” ती म्हणाली. “फळीवर पीठच ठेवा. माझं पातेलं खिडकीत ठेवू.”

“गारठ्यात?”

“भोपळ्याला गारवाच बरा. मीठ लागलं की पाणी सोडतो तो. ऊब मिळाली की जास्तच.”

बाबांचे पुसणारे हात थांबले. आयुष्य भट्टीपुढे गेलेल्या माणसाला याच्यापुढचं सांगावं लागत नाही. त्यांनी फळीकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या रिकाम्या डब्यांकडे.

“मग आज?”

“आज जमवलं.”

“कसं?”

“भोपळ्याच्या फोडी भाजून घातल्या. आणि तुमच्या कालच्या पावाचा चुरा.”

शिंपी पाव काखेत मारून काढता पाय घेण्याच्या बेतात होता. बाबांनी त्याला दंडाला धरून परत दुकानात ओढला.

“ऐकलंत का?” ते इतक्या मोठ्याने म्हणाले की समोरच्या फुटपाथवरची माणसं वळली. स्वतःच्या पावाबद्दल बोलतानाही त्यांची छाती अशी फुगलेली कोणी पाहिली नव्हती. “मी हिच्या मिश्रणाचं पाणी केलं. पार पाणी! आणि या पोरीने एक घास परत आणला नाही.”