काळ्या आईचं तांबडं पिल्लू

वस्तुसंग्रहालयाच्या मागच्या अंगाला प्राण्यांचे पुतळे बनवायची एक लांबोडकी खोली होती. खिडकीपाशी माईंचं टेबल, दारापाशी काकूंचं, आणि दोघींच्या पाठी एकमेकींकडे. यात भांडणाचा भाग नव्हता. अर्धवट काम दुसऱ्याच्या नजरेला पडलं की बिघडतं, असा दोघींचा पक्का समज. "देव तरी घडवून झाल्याशिवाय कुणाला दाखवतो का?" असं माई म्हणायच्या आणि गुणगुणत, सुईनं एकेक केस पुतळ्याच्या कातडीत रोवत राहायच्या.

दालनातली दोन माकडं या दोघींच्याच हातची. माईंची काळी माकडीण डोंगराच्या अलीकडच्या जातीची. हात लांब, तोंड निमुळतं, शेपटी पायाखाली लोळणारी. काकूंचा तांबडा हुप्प्या पलीकडच्या जातीचा. जबडा रुंद, हनुवटीखाली दाढी, शेपूट आखूड. काचेच्या पेट्यांतून दोघं वर्षानुवर्षं एकमेकांकडे बघत होती. त्यांना बघता बघताच माईंच्या लेकीची आणि काकूंच्या मुलाची नजरानजर झाली, आणि सहकारी होत्या त्या विहिणी झाल्या.

आता नात नुकती बसायला लागली होती. येईल तो पाळण्यात डोकावून म्हणे, "अगदी काकूंची प्रत!" नाक काकूंचं, कपाळ काकूंचं, जांभईसुद्धा काकूंची. माईंनी बिचारीला उलटसुलट करून पाहिलं आणि शेवटी करंगळीवर बोट ठेवलं.

"ही बघा, ही माझी."

"अहो विहीणबाई," काकू म्हणाल्या, "करंगळ्या सगळ्यांच्या सारख्याच असतात."

अशात संशोधक बाई डोंगरातून परतल्या. वयानं पोरसवदा, पण अंगात उत्साह मावत नव्हता. मधल्या खिंडीत या दोन्ही जाती भेटतात, त्यांची मिश्र पिल्लं होतात, आणि त्या पिल्लांचं एक मॉडेल दालनात हवं, असं त्यांनी सांगितलं. माई महिनाअखेरीला निवृत्त व्हायच्या होत्या. हे त्यांचं शेवटचं काम. त्यांनी मनाशी गाठ बांधली, की या माकडात आपल्या हातची खूण दिसलीच पाहिजे. नातीत नाही तर निदान माकडात.

"पुढचा भाग मी करते, मागचा तुम्ही करा," माई म्हणाल्या.

"म्हणजे तोंड तुमचं आणि बूड माझं? छान वाटणी आहे!" काकू फणकारल्या, पण कामाला लागल्या.

फोटो बघायचं काही दोघींना सुचलं नाही. काळं आणि तांबडं माकड त्यांना तळहातासारखं पाठ होतं ना! पाठीला पाठ लावून दोघींनी आपापलं अर्धं माकड जीव ओतून केलं. मग एका सकाळी दोन्ही भाग जोडले आणि दोघी मागे सरकल्या.

छातीपर्यंत काळंकुळकुळीत, कमरेखाली लालबुंद. कुणाची तरी पँट मागून आणल्यासारखं ते माकड मोठ्या गंभीरपणे उभं होतं.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "याला लग्नाला कुठे न्यायचं?"

तेवढ्यात संशोधक बाई आत आल्या. आधी त्यांनी तोंडावर हात ठेवला, मग खुर्ची धरली, मग डोळे पुसले. "माई, काकू, माझंच चुकलं. आधी फोटो दाखवायला हवे होते."

त्यांनी टेबलावर फोटो मांडले. एकाचं सगळं अंग काळं आणि दाढी तेवढी तांबडी. एकाचे हात लांब, शेपूट आखूड. एकाचा रंग असा, की चहात दूध किती पडलंय ते ठरवता येऊ नये. काही तर नुसतीच काळी, नुसतीच तांबडी.

"यात मिश्र काय आहे?" माईंनी विचारलं.

"रक्त. तपासल्याशिवाय कळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय हे त्या खिंडीत. निम्मंनिम्मं वाटून कुणी जन्माला येत नाही, माई." त्यांनी एक फोटो पुढे सरकवला. "मला हे पिल्लू हवंय. आई दिसायला काळी, पण तिच्यातही थोडं पलीकडचं आहे. आणि पिल्लू बघा."

आईला बिलगलेलं पिल्लू नखशिखांत तांबडं होतं. म्हणजे नखशिखांत काकूंचं. माईंनी सुई ठेवून दिली. "मग काकूच करतील की. माझं काय काम त्यात?" आवाज हसरा ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते जमलं नाही.

संध्याकाळी दोघी माईंच्या लेकीकडे गेल्या. नात माईंच्या मांडीवर बसली, त्यांच्या गुणगुणण्याबरोबर डुलली, आणि डोळे मिटता मिटता तिनं माईंच्या अंबाड्यात मूठ खुपसली. माईंचं डोकं वाकडं झालं ते वाकडंच राहिलं.

"सोडवून घ्या की," काकू कुजबुजल्या.

"राहू दे. उठेल."

"मान दुखेल."

"दुखू दे."

काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "विहीणबाई, तोंडावळा माझा आहे, हे खरं. पण माझे केस हिनं एकदासुद्धा असे धरले नाहीत."

माईंना एकदम काहीतरी आठवलं. मान वाकडी ठेवूनच त्यांनी विचारलं, "अहो, त्या फोटोत पिल्लानं मूठ कुठे धरली होती?"

"आईच्या खांद्यावरच्या केसांत."

"तुम्ही पिल्लू करा. आई मी देते."

दुसऱ्या दिवशी काळी माकडीण पेटीतून बाहेर आली. तिचे लोंबते हात माईंनी काढून टाकले आणि नवे करायला घेतले, पोटाशी काहीतरी धरणारे. आता हातांत पिल्लू नीट बसायला हवं, आणि पिल्लाची मूठ नेमकी खांद्यावर पोचायला हवी. एकमेकींकडे पाठ करून हे कसं जमणार? दुपारपर्यंत दोघींनी ओढाताण केली. मग माई उठल्या, टेबलाचं एक टोक धरून म्हणाल्या, "धरा तिकडून."

टेबलं समोरासमोर आली. "बघू नका हं अजून," काकू म्हणाल्या आणि स्वतःच आधी बघितलं. मुठीच्या मापासाठी नातीला खोलीत आणलं. ती माईंचा अंबाडा धरून बसली आणि काकूंनी मातीत ती मूठ हुबेहूब उतरवली, करंगळीसकट.

महिनाअखेरीला नवी पेटी लोकांना बघायला खुली झाली. गर्दीतल्या एक बाई काचेला नाक लावून म्हणाल्या, "चुकून दुसऱ्याचंच पिल्लू ठेवलंय वाटतं हिच्याकडे!"

माई काही बोलायच्या आत काकू पुढे सरसावल्या. "चुकून कसं हो? तिचंच आहे ते. रंगाकडे काय बघता, मुठीकडे बघा!"

माईंच्या कडेवरच्या नातीनं काचेकडे बघून चीत्कार केला आणि अंबाडा पुरता सोडवला. तिला घेऊन दोघी मागच्या खोलीत केसांच्या पिना शोधायला गेल्या. दाराशी ते काळं-तांबडं माकड अजून तसंच उभं होतं. काकूंनी त्याच्या काळ्या हातात आपली छत्री अडकवली, आणि माईंनीही.