आईच्या खोलीचं सामान

गल्लीत तिला सगळे पॉलिशवाली म्हणायचे आणि ती रागवायची नाही. रागवणार कशी, खरंच होतं ते. कुणी टाकून दिलेली खुर्ची, दांडी वाकलेला दिवा, पाय गेलेलं स्टूल असं काही दिसलं, की बाईसाहेबांचे हात शिवशिवायला लागायचे. नवरा म्हणायचा, "माझ्याशी लग्न का केलंस ते कळलं मला. मीही जरा डगमगतच होतो." त्यावर ती म्हणायची, "आणि अजून नीट बसला नाहीत." घरातली एकही वस्तू नवी आणलेली नव्हती आणि एकही जुनी दिसत नव्हती. त्याचा तिला कोण अभिमान!

तिची आई थोरल्या भावाकडे, म्हणजे दादाकडे राहायची. राहायची कसली, दिवस काढायची. आईला हल्ली काही आठवेनासं झालं होतं. नातवाला ती शेजारचा मुलगा समजायची, सुनेला नर्स. तिला आपल्याकडे आणताना दादाने तिचं जुनं घर सोडलं आणि सगळं सामान एका फटक्यात जुन्या फर्निचरच्या दुकानदाराला देऊन टाकलं. बहिणीला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने ते डोक्यावरून वाहून आणलं असतं. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी पिशवी भरायची आणि घरी जाते म्हणून दाराशी उभी राहायची. एकदा तर कुणाचं लक्ष नसताना बाहेर पडली, ती मोठ्या रस्त्यावर गाड्यांच्या मधोमध सापडली.

"आता माझ्याच्याने होत नाही," दादा फोनवर म्हणाला. "एक संस्था बघून ठेवलीय. तिथे दाराला कुलूप असतं."

कुलूप म्हटल्यावर तिने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "दादा, थांब. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. मी तिथे तिचं घर उभं करते. तिचीच खाट, तिचंच टेबल. आपल्या वस्तूंत ती राहील बघ."

"आणि नाही राहिली तर?"

"तर मग तू म्हणशील तसं."

बोलून बसली खरी, पण सामान होतं कुठे? ती दुकानदाराकडे गेली. टकलू म्हणायचे त्याला सगळे, आणि टकलूच्या डोक्यातही फारसं काही टिकत नसे. "ताई, इथे रोज टेम्पो भरून येतं आणि जातं. मी काय काय लक्षात ठेवू?" पण तिने त्याचा पिच्छा सोडला नाही. गोदामात शिरून, खुर्च्यांचे ढीग उपसून, नाकातोंडात धूळ घेऊन तिने शोधलं. कोपऱ्यात कपाटाच्या मागे टेबल उभं होतं, चारी पाय भिंतीकडे करून. तिने नुसती कड चाचपली आणि ओळखलं. कडेला एक खाच होती. लहानपणी तिनेच हातोडी मारून पाडलेली, त्याबद्दल पाठीत धपाटाही खाल्लेला. पुढे आईला बोलता बोलता त्या खाचेत बोट फिरवायची सवयच लागली होती. ती तिथेच धुळीत बसून रडली. टकलू बिचारा पाणी घेऊन आला.

खाट एका लॉजमध्ये मिळाली, मालकाच्या हातापाया पडून. आणि पितळी दांडीचा, हिरव्या काचेचा दिवा दुसऱ्याच एका दुकानात, तुटक्या पंख्यांच्या मागे. नवरा म्हणाला, "बाई गं, तू चोर पकडायच्या खात्यात जायला हवी होतीस."

मग तिने बाह्या सरसावल्या. टेबलावर इस्त्रीचा काळा डाग होता, तो तिने पॉलिश पेपरने घासघासून काढला. खाचेत भुशा-डिंकाचा लगदा भरला, रंग असा जुळवला की बोट फिरवलं तरी लागू नये. खाटेचा एक पाय आखूड होता, कूस बदलली की करकरायची. तिथे तुकडा जोडला. दिव्याला टपली मारल्याशिवाय तो पेटत नसे, म्हणून होल्डर बदलला, नवी वायर ओढली, वायरीवर बटण बसवलं.

"राहू दे ना जसं आहे तसं," नवरा एकदा म्हणाला.

"वा! लोकांच्या भंगाराला मी पॉलिश करायचं, आणि माझ्या आईला मोडक्या खाटेवर झोपवायचं?"

तिने पॉलिशचा आणखी एक हात दिला. खोली लखलखली. इतकं चांगलं काम आपल्या हातून आजवर झालं नाही, असं तिचं तिलाच वाटलं आणि तिला मनापासून आनंद झाला.

दादा आईला आणून सोडून गेला. आई उंबऱ्यातच थबकली.

"ये ना आई. बघ, तुझंच टेबल."

आई आत आली. तिचा हात आपसूक टेबलाच्या कडेला गेला. बोटं सरकली, थांबली, मागे आली, पुन्हा तिथेच गेली. शोधत होती. लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती स्वतःवरच. अगं मूर्खे, हे काय करून बसलीस!

आईने हात काढून पदराला पुसला. "फार सुरेख आहे हो. लग्नाचं सामान आहे का?"

"आई, तुझं आहे. आपल्या घरातलं."

"छे, आमचं अगदीच जुनाट होतं."

रात्री आईने दिव्याला टपली मारली. दिवा लागला नाही. तिने आणखी एकदा मारली आणि घाबरून हात मागे घेतला. खाटेवर ती काही केल्या बसेना. लोकांची नवी गादी चुरगळेल म्हणाली. दाराशी जमिनीवर पिशवी उशाला घेऊन पडून राहिली. लेकीने तिच्याशेजारी सतरंजी टाकली. दोघींचाही डोळा लागला नाही. दुसरा दिवस तसाच गेला, तिसराही. आईने जेवणाला हात लावला नाही. परक्याच्या घरी किती खायचं, म्हणाली.

दादा बघायला येणार त्या सकाळी तिचा धीर सुटला. तिने पटाशी आणली आणि टेबलाच्या कडेला लावून हातोडी घातली. भरलेला लगदा उडाला, बरोबर चांगलं लाकूडही ढलपीसारखं निघालं. दुसरा घाव घातला, तिसरा घातला. खाच झाली, पण धारदार, नवीकोरी, भलत्याच आकाराची.

"आई, बघ. बोट घाल इथे. आठवतं का? मी पाडली होती. तू मला मारलं होतंस. आई, बघ ना गं!"

आई भिंतीला चिकटून उभी होती. "अहो बाई, नका मोडू. चांगलं आहे ना ते. का मोडता?"

तिने हातोडी खाली ठेवली. दादा दारात कधी येऊन उभा राहिला होता, तिला कळलंच नाही. त्याने टेबलाकडे पाहिलं, मग आईकडे. आता त्याला थांब कोणत्या तोंडाने म्हणणार? शब्द तिनेच दिला होता.

"चल आई," दादा म्हणाला, "घरी जाऊ."

आईचा चेहरा केवढा खुलला! लगबगीने तिने पिशवी उचलली. दादा मान खाली घालून पुढे झाला. कुठे जायचंय ते त्याला ठाऊक होतं, बहिणीला ठाऊक होतं.

दारात आई मागे वळली. लेकीचा हात तिने दोन्ही हातांत घेतला, तिच्या बोटांना चिकटलेला भुसा हलकेच झटकला.

"फार आदराने ठेवलंत हो मला," ती म्हणाली. "तुमची आई भाग्यवान आहे."